हळद लागलेली बट

…बोलू नकोस गो, बोलू नकोस! पॅक ओला आहे अजून, तोंड हललं की गालावर रेघा पडतात आणि त्या उद्या मेकअपखालून वर येतात. नुसती मान डोलाव — नको, मानही नको, डोक्यावर तेल थापलंय, ओघळेल डोळ्यात. बोट वर कर. एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. समजलं? — एक. शाब्बास. आता बघू दे मला नीट. आई शप्पथ, आरोही, पिवळी म्हणजे काय पिवळी झाल्येय गो ही बट! झेंडूच्या पाकळ्या अडकल्यासारखी. हसत नाहीये मी. बरं, हसत्येय. पण तू रडू नकोस, रडलीस तर पॅक जाईल वाहून आणि मला परत कालवावा लागेल. शटर अर्धं खाली ओढलंय, कोणी येणार नाही, आपण दोघीच आहोत. उद्या सकाळी दादरच्या हॉलवर नवरी वेळेत उभी करायची जबाबदारी माझी, आणि मेघना ब्युटी पार्लरमधून आजवर एकही नवरी वाईट दिसून बाहेर पडलेली नाही. एकीचा नवरा वाईट दिसत होता, पण त्याला मी काय करणार!

मी तुला काय सांगितलं होतं? रंग थांबव, मुळापासून पांढरं वाढू दे, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी एकच ताजा हात मारते, चकचकीत काळं, आणि तोपर्यंत कपाळावरचे केस पुढे घेऊन पिनअप कर. आणि हळदीला बसताना डोक्याला रुमाल घट्ट बांध. सांगितलं होतं की नाही? — एक बोट. मग रुमाल कुठे गेला? फोटोत चांगला दिसत नाही म्हणून काढलास! आणि वर काय केलंस, तर काजळाची पेन्सिल फिरवलीस. काजळ! अगो, हळद काय पाण्यात कालवतात का? तेलात कालवतात. तेल लागलं की काजळ उतरणारच. तुझ्या त्या आत्याने डोक्यावरून ओंजळभर हळद ओतली, काजळ गेलं कानामागे आणि पांढऱ्या केसाने हळद धरली. कोरं कापड जसं डाग धरतं ना, तसं. काळ्या केसाला हळद लागली तर कोणाला दिसत नाही, धुतलं की संपलं. पांढरा केस विसरत नाही.

आणि हे कधी झालं, तर नेमकी मुलाकडची माणसं उष्टी हळद घेऊन आली तेव्हा. वैभवला लावून उरलेली हळद घेऊन त्याची आई आली, काकी आली, बहीण आली, सगळ्या तुला लावतायत, बहिणीने मोबाइल पुढे धरला सेल्फीसाठी — आणि तू त्यात स्वतःला बघितलंस आणि पदर डोक्यावरून ओढून आत पळालीस. बरोबर? — हो, मला कळलं ते. कसं कळलं ते नको विचारू. लालबागमध्ये आहोत आपण, इथे वरच्या मजल्यावर शिंक आली तर खाली लोक ‘सत्य आहे’ म्हणतात.

हा तुझा फोन बघ, परत थरथरतोय. मघापासून चाललंय. वैभव. घेऊ का मी? — दोन बोटं. बरं बाई, दोन तर दोन. वाजू दे.

तेल मुरू दे जरा. खोबरेलच लागतं हळद उतरवायला, शाम्पूने नाही जात ती. घाई करून पिवळ्यावर थेट काळा रंग मारला तर हिरवट झाक मारेल, मग मुंडावळ्यांखाली पोपट बसल्यासारखा दिसेल. मला समजतंय तुला काय पाहिजे ते. काळी करा आणि विषय संपवा, असंच ना? — एक बोट. किती जोरात वर केलंस! करते गो, करते. तुझ्या चौदाव्या वर्षापासून करत्येय, आज काय नाही म्हणणार. पण भीती कसली एवढी तेही मला ठाऊक आहे. तू बोलली नाहीस तरी. केसाची नाही भीती. त्या बटेच्या खाली कपाळावर जो पांढरा त्रिकोण आहे ना, रुपयाएवढा, त्याची भीती. लोक बघणार आणि एकच शब्द बोलणार — कोड. मुलीला कोड आहे, आणि हिच्या माणसांनी लपवलं. ऐन मांडवात. बरोबर? — बोट नको वर करूस, कळलं.

तर ऐक, कोड नाही ते. नाही, नाही आणि नाही. कोड मागाहून येतं, पसरतं. तसं बघितलं तर तोही काही गुन्हा नव्हे, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. तुझं जन्माचं आहे आणि जन्मलीस तेव्हा जेवढं होतं तेवढंच आहे. मी साक्षीदार आहे. तू जन्मलीस तेव्हा मी नवीन लग्न होऊन चाळीत आले होते, तुमच्या शेजारची खोली. तुला हॉस्पिटलमधून आणलं, दुपट्यात गुंडाळलेली, काळंभोर जावळ आणि मधोमध ही पांढरी बट, फणीने काढल्यासारखी. मी म्हटलं, काय सुंदर! मी एकटीनेच म्हटलं हां. बाकीच्या बायका गप्प. आणि गप्प बायका म्हणजे काय, तुला सांगायला नको. चार दिवसांत सुरू झालं — बापाच्या डोक्यावर नाही, आईच्या डोक्यावर नाही, मग आली कुठून? खाण तशी माती म्हणतात, इथे तर मातीच वेगळी दिसत्येय. हे असं, नळावर, तुझ्या आईला ऐकू जाईल अशा बेताने. तुझी आई बाळंतीण, ओली, उशीत तोंड खुपसून रडायची. हे तुला माहीत आहे? — दोन बोटं. बघ. नाही सांगितलं ना तुला कोणी!

मग एका रविवारी तुझे पप्पा बाहेर गॅलरीत आले. चिंतामणीदादा म्हणजे किती गरीब माणूस, पोस्टातली नोकरी, कधी आवाज नाही की काही नाही. आणि कायम फुलपॅन्ट. होळी असो, विसर्जनाला चौपाटीवर कमरेएवढ्या पाण्यात असो, फुलपॅन्ट. आम्ही चिडवायचो, दादा पँटीसकट जन्माला आले म्हणून. तर ते आले गॅलरीत, सगळ्या बायका पाणी भरतायत, आणि त्यांनी डावी पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाय कठड्यावर ठेवला. नडगीवर हा एवढा मोठा पांढरा डाग आणि त्यावरचे केससुद्धा पांढरे! म्हणाले, ‘पोरीला माझ्याकडून आलंय. जन्मापासून आहे माझ्या. आईने सांगितलेलं, कोणाला दाखवू नको, लोक कोड म्हणतील, लग्न होणार नाही. आता लग्न झालंय. बघून घ्या सगळ्यांनी.’ आणि उभे राहिले तसेच. हंडे भरून वाहायला लागले तरी कोणी हलेना. मग खालच्या मजल्यावरची म्हातारी ओरडली, चिंतामणी, पाय खाली घे रे, कठडा पडेल! आणि जी काय हसली सगळी गॅलरी! तुझी आई आतून बघत होती दारातून. त्या दिवसानंतर नळावरची कुजबुज बंद. पण दादांनी फुलपॅन्ट सोडली नाही हां, ती सवयच लागली.

आता एकाच्या नडगीवर आणि दुसरीच्या कपाळावर, असं कसं? हे मी स्पृहाला विचारलं. माझी लेक म्हणजे काय, परळला लॅबमध्ये दिवसभर तेच करते, कोणाच्या जीनमध्ये काय. मला जेवताना सांगत असते, अर्धं कळतं, अर्धं आमटीबरोबर जातं. पण हे कळलं मला. ती म्हणते, मूल पोटात असतं तेव्हा रंग बनवणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळ जन्मतात आणि तिथून निघतात चालत, दोन्ही बाजूंनी पुढे, अंगभर. सगळ्यात लांबचा मुक्काम म्हणजे कपाळाचा मध्य, पोटाचा मध्य आणि नडग्या. त्यांना ‘चला, पुढे चला’ म्हणणारी एक जीन असते. तिच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. तुमच्याकडे बापाकडून आलेली प्रत जरा आळशी. म्हणून शेवटच्या मुक्कामापर्यंत सगळ्या पेशी पोचतच नाहीत. दादांच्या कपाळापर्यंत पोचल्या, नडगीवर थकल्या. तुझ्या नडगीपर्यंत पोचल्या, कपाळाला राहिल्या. जीन तीच, पण कुठे किती जोर लागेल ते बाकीच्या शंभर जीन्सवर आणि थोडं नशिबावर. मी म्हटलं, म्हणजे वरातीत मागे राहिलेले पाहुणे. म्हणाली, हो आई, तसंच समज.

आणि मला आवडलं ते दुसरंच. ती म्हणते, प्रत्येक पेशीत सगळ्याच जीन असतात. माझ्या नखातसुद्धा डोळ्याची जीन आहे! मग मी विचारलं, नखाला डोळे का फुटत नाहीत? — विचारायला नको? तर म्हणते, बंद असते ती तिथे. आपल्या चाळीतल्या पाण्यासारखं. पाइप सगळ्या मजल्यांवर गेलाय, पण ज्याचा व्हॉल्व खोलला त्याच्याच मोरीत पाणी. आणि व्हॉल्व खोलायलाही वेगळ्या जीन असतात, मुकादमासारख्या. मुकादमाने शिट्टी नाही मारली की पुढचं सगळं काम अडलं. म्हणजे कसं, दाताचंच घे. दुधाचा दात पडला, खाली पक्क्या दाताची कळीच धरली नाही, कारण मुकादमाने शिट्टीच अर्धी मारली. घराण्यात तसं असेल तर आईचं मुलाला…

…जाऊ दे. तेल मुरलं का बघू. मुरलं. कापूस कुठे ठेवला मी?

काय? डोळे का असे करत्येस? काही नाही गो, उदाहरण दिलं मी. दाताचं का दिलं? असंच दिलं. नाकाचं दिलं असतं तरी चाललं असतं. हात खाली कर. आरोही, बोट खाली कर, हे कुठलं बोट, एक की दोन? — प्रश्नचिन्ह काढू नकोस हवेत!

देवा रे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तीस वर्षं झाली ह्या धंद्यात, एकच नियम पाळला, खुर्चीवरचं खुर्चीवरच ठेवायचं. इथे बायका काय काय बोलतात तुला सांगू? नको, सांगत नाही. डोक्याला तेल लावलं, बोटं फिरली की माणूस मनातलं सगळं ओतून मोकळं होतं. पण बाहेर एक अक्षर नाही. तुझ्या बटेचं आजवर चाळीबाहेर कोणाला सांगितलं का मी? त्यांनाही नाही सांगितलं, आज दुपारी त्या इथे बसल्या होत्या तरी.

हो, त्याच. तुझ्या होणाऱ्या सासूबाई. कौसल्याताई. त्याही माझ्याच गिऱ्हाईक, म्हणून तर स्थळ मी सुचवलं, नाहीतर परळच्या माणसांना लालबागचा पत्ता कोण देणार होतं? उठू नकोस! बस. तेल सांडेल. तुझ्याबद्दल काही बोलल्या नाहीत त्या. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. अगो वेडे, हळदीच्या दिवशी पिवळा केस बघून कोण दचकतं? कपाळ पिवळं, कान पिवळे, साडी पिवळी, त्यात एक बट पिवळी. सगळ्या घरात ती एकट्या तुलाच दिसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

मग त्या का आल्या होत्या? — आता एवढं निघालंच आहे तर ऐक. पण मी काही बोलले नाही हां. आल्या, ह्याच खुर्चीत बसल्या, म्हणाल्या, मेघना, डोकं दुखतंय, तेल लाव. मी तेल लावते तर खाली डोळ्यांतून धार. म्हणाल्या, मोडलं गं लग्न. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, उष्टी हळद लावताना आमच्या मोठ्या जाऊबाई बोलून गेल्या — ‘उद्याचे लाडू जरा नरम ठेवा हो, आमच्या वैभवला कडक झेपत नाही’ — आणि त्याच क्षणी पोरगी पदर घेऊन आत पळाली. तिला कळलं. फोनही घेत नाहीये त्याचा. कळलं म्हणजे काय कळलं, मी विचारलं. तर बाई वर बघेनात. मग हळूच म्हणाल्या, वैभवचे पुढचे दोन दात खोटे आहेत.

खोटे! ते मधले मोठे दोन असतात ना, त्यांच्या शेजारचे, इकडचा एक नि तिकडचा एक. दुधाचे पडले, पक्के आलेच नाहीत. पडून नाही गेले, मारामारी नाही, क्रिकेट नाही. मुळात उगवलेच नाहीत. कौसल्याताईंचेही तसेच, त्यांच्या वडिलांचेही. लहानपणी त्याला शाळेत इतकं चिडवलं की हा पोरगा तोंडावर हात ठेवून हसायचा. मग प्लेट करून घेतली, दोन दातांची, काढता-घालता येते तशी. आणि तुला सांगायचं सांगायचं म्हणून राहिलं. साखरपुड्याला सांगू, मग खरेदीला सांगू, मग वरातीमागून घोडं. तू आठव ना, तुम्ही शिवाजी पार्कला फिरायला जायचात, हा कधी कणीस दाताने तोडून खाताना दिसला तुला? — दोन बोटं. दाणे सोलून खातो ना? — एक. आणि तुला वाटायचं काय, किती नाजूक, किती व्यवस्थित मुलगा! माझ्याशीच बोलली होतीस, आठवतं? मी तेव्हा म्हटलेलं, व्यवस्थित नवरा मिळाला तर सांभाळ. मला काय माहीत दाताचं!

त्या गेल्या तशी मी लगेच स्पृहाला फोन लावला. तर ती हसायलाच लागली. म्हणाली, आई, दोन्ही घरांचं गणित सारखंच. बाप किंवा आई, एका कोणाकडून ती प्रत आली की पुरते. म्हणजे प्रत्येक पोराला निम्मी शक्यता बटेची, निम्मी दाताची, आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. नाणं दोनदा उडवायचं. एखादं पोर दोन्ही घेऊन येईल, एखादं काहीच नाही घेणार, चारांत एक तसं, चारांत एक असं. पांढऱ्या बटेचं आणि दात नसलेलं पोर! ते हसलं की आख्खी चाळ हसेल. तू हसत्येस का? गाल हलला. हलला, मी बघितलं! हस, आता वाळलाय पॅक, धुवायचाच आहे.

ये, बेसिनपाशी वाक. डोळे मीट. … असं. बघ, तोंड कसं उजळलं. आणि बट — थांब, कापसाने पुसते — हे बघ, उतरली हळद. टोकाला जरा सोनेरी राहिल्येय, ती राहू दे, बरी दिसते. बस परत.

हा रंग कालवला बघ मी, बोलता बोलता हात चालूच होते. आता ठरव. मी नाही ठरवणार. एक बाजू अशी की झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणी बघितलेलं नाही, अर्ध्या तासात काळी करते, उद्या मुंडावळ्या, वर फाउंडेशन, देवालाही कळणार नाही. मग दर महिन्याला माझ्याकडे ये चोरून, माझं गिऱ्हाईक पक्कं, मला काय वाईट आहे? दुसरी बाजू अशी की उद्या तो तुझ्या भांगात कुंकू भरणार, आणि भांग सुरू होतो तो नेमका इथून, ह्या पांढऱ्यातून. आयुष्यभर तो इथेच बघणार तुझ्याकडे. आणि खरं सांगू, मला भीती वाटत्येय गो. स्थळ माझं. आज दोन घरांत दोन माणसं रडतायत आणि दोघांना वाटतंय आपलंच उघडं पडलं. घरोघरी मातीच्या चुली, पण ह्या दोन चुली मी शेजारी शेजारी मांडल्यात. उद्या काही बिनसलं तर दोन्हीकडून शिव्या मला, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे तू मला लेकीसारखी. बोलत नाही मी कधी, पण आहेस.

परत वाजला. वैभवच. ह्या वेळेला व्हिडिओ कॉल. — आरोही? अगो, घेत्येस? असा? तोंड पुसलेलं, डोक्यावर तेल, आणि बट उघडी — बरं, घे. घे. मी तिकडे बघत नाही. मी टॉवेल घड्या करत्येय.

…बोल की मग त्याच्याशी. नुसता मोबाइल कपाळासमोर काय धरलायस? — दिसली असेल आता त्याला. दिसलीच असेल, दिवा वरच आहे. काय म्हणतोय? काहीच नाही? कट तर नाही ना झाला? नेटवर्क बघ. चेहरा कसा आहे त्याचा? अगो सांग काहीतरी, माझा जीव जाईल इथे! सरक, बघू दे मलाच —

अरे देवा. काढले की मेल्याने! प्लेट हातात धरून दाखवतोय बघ! आणि हसतोय कसा, केवढं तोंड उघडून, हात न लावता! वैभव, अरे बंद कर ते तोंड, माशी जाईल! … हो रे, मीच आहे, मेघनाकाकी. नाही, मी काहीच सांगितलेलं नाही कोणाला कोणाचं. आईला जाऊन सांग, डोकं दुखायचं थांबेल त्यांचं. आणि लाडू कडकच येणार आहेत उद्या, हातोडी घेऊन ये. ठेव आता, नवरीला झोपू दे.

पुरे गो, पुरे, आता हसून हसून उचकी लागेल. डोळे पूस. नाही, हे रडणं वेगळं, ते चालतं. उद्या पहाटे घरी येते मी, भांग मीच काढणार, सरळ, मधोमध, आणि तुझ्या पप्पांना निरोप दे माझा… काय निरोप, काही नाही, सुचत नाहीये आता. ऊठ. ऊठ म्हणते ना खुर्चीवरून! रंग कालवून झालाय, ठेवला तर फुकट जाईल, आणि माझे म्हातारपणाचे पांढरे काही कौतुकाचे नाहीत. मला बसू दे. शटर वर कर जाता जाता, आणि पळ.